डाव तळाला गेला पाहिजे

माझ्या रुखवतात अर्धा डझन चमचे होते. पुठ्ठ्याच्या खोक्यात, लाल कागदावर शेजारी शेजारी निजवलेले, दांड्यांवर बारीक फुलं. अंबाजोगाईच्या भांड्याच्या दुकानात माझ्या आईनं घासाघीस करून घेतलेले, आणि मला त्यांचा केवढा तोरा! केज तालुक्यातल्या सासरी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, खोकं उघडलं, एक चमचा दोन बोटांत धरून उजेडात बघितला आणि विचारलं, "ह्यानं काय चिमण्यायला जेवू घालायचं हाय?"

खोकं फळीवर गेलं. मला राग आला, पण नव्या नवरीनं राग ठेवायचा कुठं? खोक्याशेजारीच ठेवला.

त्या घरात चमचा नव्हता, पण त्याचं बाकी सगळं गणगोत होतं. आमटीचा डाव, तेलाची पळी, तव्यावरचं उलथणं, सणासुदीला खाली उतरणारा झारा. चुलीच्या कोपऱ्यात एक लाकडी डवली होती, आत्याबाईंच्या सासूच्या हातची, ढवळून ढवळून एकाच बाजूला झिजलेली. आधी सगळं लाकडाचंच होतं, आत्याबाई सांगायच्या. मग पितळ आलं, त्याच्या मागं कल्हईवाला आला. मग जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम, आलं आणि कल्हईवाला गेला. मग स्टील आलं आणि जर्मनचं ओगराळं गोठ्यात गेलं, म्हशीचं आंबोण, म्हणजे भिजवलेला खुराक, काढायला. जेवायला मात्र देवानं दिलेली पाच बोटं. मी एकदा चमच्यानं भात खाऊन बघितला, तर धाकट्या दिरानं विचारलं, "वैनी, हाताला लागलंय का?"

आत्याबाईंचा एकच नियम होता: डाव तळाला गेला पाहिजे. आमटीचा जीव तळाशी असतो. वरवरचं वाढलं तर पहिल्याला पाणी आणि शेवटच्याला डाळ. म्हणून प्रत्येक ताटाला त्या तळापासून ढवळायच्या, मग वाढायच्या. वाढणारा ओळखीचा असला की पंगतीच्या टोकाला बसलं तरी चालतं म्हणतात; आत्याबाई वाढायला असल्या की ओळखीचा काही उपयोग नसायचा. आमच्या मामेसासऱ्यांनी एका लग्नात ताट पुढं करून डोळा मिचकावला, तर त्यांना म्हणाल्या, "डोळ्यात काय गेलं का?"

म्हणूनच गावातल्या बायकांनी दूध सोसायटी काढली, तेव्हा नमुना घ्यायचं काम सगळ्यांनी त्यांच्याच गळ्यात घातलं. प्रत्येकीच्या किटलीतून लांब दांड्याच्या पळीनं थोडं दूध काढायचं, बाटलीत भरायचं, मग मशीनवर त्याची फॅट बघायची. इथं गंमत अशी की आमटीच्या उलट कारभार. दूध जरा उभं राहिलं की त्याचा जीव वर येतो. वरवरची पळी घेतली तर फॅट चांगली लागते, ढवळून घेतली तर खरी लागते. आत्याबाई ढवळायच्या.

पुढं दुष्काळ पडला. पाऊस येता येता दुसरीकडंच गेला. विहिरीत गाळ उरला, टँकर सुरू झाला, जनावरांपुढं उसाचं वाढं पडायला लागलं. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, भावकीतल्या काकूची एक म्हैस होती. काकूचा नवरा ऊसतोडीला गेलेला. घरात ती, तिची थकलेली सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. म्हशीच्या दुधावर ते घर तगून होतं. म्हैस विकावी लागली तर काकूलाही कोयता घेऊन नवऱ्यामागं जावं लागणार, आणि आई गेली की आजीचं करायला मुलीची शाळा सुटणार. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

पेंड परवडेना, नुसत्या वाढ्यावर काकूच्या दुधाची फॅट उतरत चालली. सोसायटीचा नियम होता, ठरलेल्या फॅटच्या खाली दूध घ्यायचं नाही. काकू बिचारी भल्या सकाळी येऊन रांगेत पहिला नंबर लावायची, किटली जराही हिंदकळू न देता आणायची आणि कुणाचा धक्का लागू नये म्हणून दोन्ही पायांत धरून बसायची. वरची साय मोडू नये म्हणून. आम्ही सगळ्या बघत होतो, सगळ्यांना कळत होतं.

एके दिवशी तिची किटली पुढं आली. काकूनं आत्याबाईंच्या तोंडाकडं बघितलं आणि हलकेच म्हणाली, "जाऊबाई, वरूनच घ्या ना."

आत्याबाईंची पळी क्षणभर थांबली. मग तळापर्यंत गेली. ढवळलं, वर आली. फॅट कमी लागली. दूध परत.

"आडातच न्हाई, तर पोहऱ्यात कुठनं येणार, बाई?" आत्याबाई म्हणाल्या.

काकू किटली उचलून गेली. आता सांडलं तरी चालणार होतं, तरी ती तशीच जपून नेत होती. घरी येऊन मी भांडी आदळली. न राहवून म्हणालेच, "एक पळी वरनं घेतली असती तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"पैसा सगळ्यायच्या एकत्र दुधावर येतो. तिची फॅट वाढवून धरली की बाकीच्यांच्या वाट्याला तेवढा कमी. दूध सोसायटीचं हाय, माझ्या घरचं न्हाई," त्या म्हणाल्या. मग गोठ्याकडं बघत बसल्या. "घरचं काय हाय ते बघते."

दुपारी टँकर आला. काकू घागरी घेऊन रांगेला गेली. आत्याबाईंनी मला दोन घागरी दिल्या. "तिच्या मागं उभी ऱ्हा. बोलत ठेव."

"काय बोलू? ती माझ्याशी बोलंना झालीय."

"मग भांड."

निघताना मी गोठ्यात डोकावले. सरकीची पेंड भिजवलेली लोखंडी पाटी आमच्या म्हशीपुढं होती. आत्याबाईंनी ते जुनं जर्मनचं ओगराळं पाटीत घातलं, पार तळापर्यंत, आणि घट्ट पेंड उपसून एका बादलीत घेतली. वरचं पाणी आमच्या म्हशीला ठेवलं. बादली पदराखाली झाकून त्या काकूच्या गोठ्याकडं गेल्या.

मग हे रोजचंच झालं. टँकर आला की मी काकूला धरून ठेवायची. आधी भांडले, मग पाण्यावर बोलले, मग माझ्या माहेरच्या नसलेल्या भानगडीसुद्धा सांगितल्या. काकूची फॅट हळूहळू वर आली, दूध पुन्हा घेतलं जाऊ लागलं. आमच्या म्हशीची उतरली. "नमुना घेणारीच्याच दुधाला जीव न्हाई!" बायका हसल्या. आत्याबाईंनी आपल्या किटलीतही पळी तळापर्यंत घातली आणि हसणाऱ्या बायकांत आपणही हसल्या. म्हैस राहिली. मुलीची शाळा चालू राहिली. पुढं ती अंबाजोगाईला नर्सिंग शिकली.

मला ते दिवस आठवतात तेव्हा दुष्काळ नंतर आठवतो. आधी आठवतो तो पाटीच्या तळाला ओगराळं घासल्याचा आवाज. आता तसा आवाज कुठल्या घरात येत नाही, आणि मला त्याची फार ओढ लागते.

खूप वर्षांनी आत्याबाईंना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. घास गिळवेना, म्हणून पेज द्यायची. डाव मोठा, पळी खोल. ओठांत मावेल असं घरात काहीच नव्हतं. मग मी फळीवरून ते खोकं काढलं. लाल कागद विटला होता, चमचे तसेच नवे होते. मी एक चमचा त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाले, "चिमणीला जेवू घालायचं हाय." त्यांच्या डोळ्यांत हसू आलं. मला मात्र रडू आवरेना.

ठसका लागू नये म्हणून मी वरची पातळ पेज देत होते. काकू रोज येऊन पायाशी बसायची. एके दिवशी तिनं माझ्या हातातून चमचा घेतला, वाटीत तळापर्यंत घातला आणि शिजून मऊ झालेली कणी वर काढून चांगली घोटली.

"तळाचं दे तिला," काकू म्हणाली. "माझ्या म्हशीला तिनं तळाचंच दिलं हुतं."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"तू माझ्यापाशी काहून एवढं बोलायचीस, ते कळत न्हवतं व्हय मला?" ती म्हणाली आणि चमचा आत्याबाईंच्या ओठांपाशी नेला. "घ्या, जाऊबाई."

आत्याबाईंनी तोंड उघडलं.