दोन बांधांचे मास्तर

आमच्या इंग्रजीच्या मास्तरांना कोणी खुर्चीत बसलेलं पाहिलं असेल, तर मला जरूर सांगा. वर्गात ते दारापासून खिडकीपर्यंत चालत, तिथून परत फिरत, आणि त्यांच्याकडे बघून बघून आमच्या माना दुखत. चहासुद्धा उभ्यानं, तोही अर्धा. आमच्या पोशीर गावच्या बायका म्हणत, यांच्या पायाला भिंगरी आहे.

मी मॅट्रिकला इंग्रजीत आणि गणितात उडाले, तेव्हा बाबांनी लोधिवलीचं स्थळ बघून ठेवलं. "आनिक येकदा बस. नापास झालीस तर मंग आमी ऐकनार नाय," म्हणाले. मला नर्स व्हायचं होतं.

एकसारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांनी माझा घात केला होता. वाळवंटाचं 'डेझर्ट' आणि जेवणानंतरच्या गोडाचं 'डिझर्ट' यांत एका एसचा काय तो फरक, पण पेपरात नेमका उलटा पडायचा. मास्तर म्हणाले, "बसून पाठ केलेलं बसल्या जागीच राहतं. ऊठ, शेतावर चल."

भातं कापून झाली होती. आमच्या बांधाला जिथं दोन फाटे फुटतात, तिथं ते मला उभं करत. जोडीतला एक शब्द डाव्या बांधाचा, दुसरा उजव्या. मास्तर मराठीत अर्थ ओरडायचे आणि मी तो बांध धरून, एकेका अक्षराला एकेक पाऊल टाकत, मोठ्यानं स्पेलिंग म्हणायचं. चुकलं की परत फाट्यावर. येणारे-जाणारे थांबून हसत, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई. बाबा खाली वालाच्या शेतात काम करत. मान वर करत नसत.

एकदा मास्तर "वाळवंट" ओरडले आणि मी उजवीकडे निघाले. शेंगा तोडता तोडता बाबा म्हणाले, "वाळवंट डावीकडं गं."

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले.

निकाल लागला. इंग्रजी सुटलं, गणित राहिलं. मी आत तोंड लपवून रडत होते, बाहेर ओटीवर मास्तरांच्या येरझारा चालल्या होत्या. शेवटी बाबाच म्हणाले, "परत बसंल ती. लोधिवलीवाल्यांना मी नाय म्हनून सांगतो. गनित कोन शिकवंल, तेवडं बगा."

पुढच्या खेपेला गणितही सुटलं. तोवर मास्तरांची खालापूरला बदली झाली होती. बाबा आणि मी पेढे घेऊन गेलो. मास्तरांनी पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. हातात तसाच धरून अंगणात फेऱ्या मारत राहिले.

"आमच्या लेकीचं, शालूचं लग्न मी नववीतच उरकलं," ते बाबांना म्हणाले. "इंग्रजी तिला हिच्यापेक्षा चांगलं यायचं."

बाबांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.