न्यू फोल्डरमधल्या अक्का

सीडी हळू राइट होत होती म्हणून मी कॉम्प्युटर साफ केला, आणि त्या सफाईत शेजारच्या अक्कांचा आवाज पुसून टाकला. हे आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही — तिला माझे बाकीचे पराक्रम पाठ आहेत, तेवढे पुरेत.

पिंप्राळ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून नाना राहतात. त्यांच्या पत्नी, अक्का, गेल्या, आणि मागे त्यांच्या आवाजाची एक कॅसेट उरली — कानबाई देवीच्या गाण्यांची. श्रावणात घरी कानबाई बसेल तेव्हा अक्कांचंच गाणं लागावं, एवढीच नानांची इच्छा. कॅसेट घेऊन ते माझ्याकडे आले. का? कारण गल्लीत मी स्वतःला कॉम्प्युटरचा डॉक्टर म्हणवून घ्यायचो.

गाणी कॉम्प्युटरात उतरवली. शेवटी माझ्या जुन्या टेपने कॅसेटची पट्टी गिळली, चुरगाळली, तोडली. मी हसलो — आत आलंय की सगळं! मग सीडी लावली. पडद्यावरची हिरवी रेघ... सरकेचना. सीड्या बाद होत गेल्या. मी निदान केलं: हार्डडिस्क भरलीय, म्हणून याला धाप लागते. (रायटरची केबल सैल होती, हे नंतर कळलं.) झालं — मोठमोठी फोल्डरं धडाधड उडवली, वर रिसायकल बिनही रिकामा केला. आता, मी सगळं ‘न्यू फोल्डर’मध्येच ठेवतो. न्यू फोल्डर, न्यू फोल्डर दोन, तीन... अक्का कितव्यात होत्या?

इथवर नुसता मूर्खपणा. तो तर मी चारचौघांत रंगवून सांगतो, हशा घेतो. मग हाच का गिळला? कारण पुढचं —

नाना सीडी न्यायला आले आणि मी म्हणालो, “नाना, कॅसेटला बुरशी होती हो. स्वयंपाकघरात ठेवली होती का? वाफेनं होतं असं.”

नाना म्हणाले, “मीच ठेवेल व्हई. आते माले कोठे ध्यान ऱ्हास? मनीच चूक शे, भाऊ.”

तेव्हापासून दर कानबाईला ते पाहुण्यांना स्वयंपाकघराची ती गोष्ट सांगतात — तिना आवाज मीच गमाडा. आणि मी? शेजारी बसून रोटाचा प्रसाद खातो. मान डोलावतो. हो, डोलावतो — सांगतोय ना.

धुळ्याला दिलेली त्यांची लेक सरिता एरवी या सणाला सासरीच असते. यंदा आली, आणि बापाचं ते बोलणं तिनं पहिल्यांदा ऐकलं. मला ओट्यावर गाठलं.

“दादा, कॅसेट आईच्या लोखंडी कपाटात होती. मीच काढून बाबांच्या हातात दिली, तुमच्याकडे आणायला. स्वयंपाकघरात गेली कधी?”

मी हातातला रोटाचा तुकडा तोंडात टाकला. आत नाना कुणाला तरी तेच सांगत होते — ऐकू येत होतं.

तिनं एकदा आत पाहिलं. मग पायात चपला सरकवत म्हणाली, “सीडी तर जमलीच नाही तुम्हाला. खोटंसुद्धा धड जमलं नाही.”