आधी सांगाचं, मंग भराचं

एखादी संधी तुमच्या कानावर आली, तर ती तुम्ही दुसऱ्याला कधी सांगता? स्वतःचा अर्ज भरण्याआधी, की तो पोचल्याची खात्री झाल्यावर? मनातल्या मनात का होईना, खरं उत्तर द्या. तेलंगणातल्या आदिलाबादच्या डिग्री कॉलेजात माझ्याबरोबर बी.एस्सी. करणारी एक मुलगी तीन वर्षं या प्रश्नाचं एकच उत्तर देत राहिली. मी तिच्यावर तीन वर्षं जळले. अजूनही जळते.

आम्ही तिला दवंडी म्हणायचो. तेलुगू मुलं दंडोरा म्हणत. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर ती उभी राहायची आणि डब्याच्या झाकणावर चमचा बडवायची. खण्, खण्, खण्. मग बातम्या सुरू. कुठल्या विद्यापीठाच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा जाहीर झाली, कोणती शिष्यवृत्ती निघाली, ग्रंथालयात प्रकाशशास्त्राचं पुस्तक परत आलं, प्रयोगशाळेतला सोडियमचा दिवा पुन्हा पेटू लागला, आमच्या आधीच्या वर्गातल्या एकीला बेल्लमपल्लीच्या शाळेत नोकरी लागली. आधी मराठीत, मग तेलुगूत, मग हिंदीत. तेलुगूचं व्याकरण ती वाटेल तसं मोडायची आणि बेल्लमपल्लीची मुलं हसत हसत दुरुस्त करायची. त्यामुळे बातमी त्यांच्या जास्तच लक्षात राहायची.

आता माझं ऐका. मी नार्नूरची. माझे बाबा शेतमजुरांच्या संघटनेत होते. घरात कपाट नव्हतं, पण पत्रकांचे गठ्ठे होते. बाराखडी मी त्यांच्यावरच गिरवली. ‘जागे व्हा’ हे मला ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी वाचता येत होतं. कॉलेजात आल्यावर मीही पत्रकं काढू लागले. मुलींच्या वसतिगृहात पाणी नाही, त्याविरुद्ध. प्रयोगशाळेला कुलूप असतं, त्याविरुद्ध. एकेक वाक्य मी तासून लिहायची. ती पत्रकं टाकीच्या भिंतीवर लागत आणि दुपारपर्यंत कोणीतरी त्यावर चिवडा खात असे. शेजारीच दवंडीचा शाईचे डाग पडलेला, अशुद्ध, ज्वारीच्या पिठाच्या खळीनं चिकटवलेला कागद. त्याला कोणी हात लावत नसे. माना वर करकरून मुलं तो हातावर उतरवून घेत.

एकदा न राहवून मी तिला विचारलं, “काऊन वो, तुह्या कागदात असं काय असते?”

ती माझं पत्रक वाचत उभी होती. म्हणाली, “तुही भाषा लय चांगली हाय. वाचून अंगात येते. पण तुह्या कागदात शेवटची तारीखच नसते.”

“कायची तारीख?”

“जागं व्हा म्हणतं ना तू? कवापर्यंत व्हाचं? जागं होऊन कोणत्या खिडकीवर जाचं? थे लिही ना बाई.”

मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंही नाही, कारण त्या आठवड्यात तिच्याकडे पुष्कळ बातम्या होत्या.

तिचा एक नियम होता. बातमी हाती आली की आधी झाकण वाजवायचं, मग स्वतःच्या अर्जाला हात लावायचा. “आधी सांगाचं, मंग भराचं.” आमच्याकडच्या हुशार मुलांची रीत याच्या बरोबर उलट होती. कळलेलं पोटात ठेवायचं आणि तारीख उलटल्यावर हळहळायचं, “अरे, तुला माहीत नव्हतं?” मी तिला म्हटलं होतं, “सांगितलं न् तुह्याच हातून गेली त?” तर म्हणाली, “गेली त कोनाच्या तरी हातात जाईन ना. हवेत त नाई जात.” असं वाक्य आपल्याला का सुचत नाही, म्हणून मी पुन्हा जळले.

पण एक गोष्ट तिला स्वतःसाठी हवी होती. पुस्तकात एक फोटो होता. अतिथंड केलेल्या काळ्या वडीवर एक लहानसा चुंबक तरंगतो आहे. त्या पानाचा कोपरा तिनं इतक्या वेळा दुमडला की तो तुटला. “खाली धागा नाई, वरतं धागा नाई,” ती म्हणायची, “हे मले डोयानं पाहाचं हाय.” हैदराबादच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत तो प्रयोग दाखवत. तिथं दर उन्हाळ्यात पदवीच्या मुलांचं शिबिर भरे आणि प्रत्येक जिल्ह्यातून एकच विद्यार्थी घेत. आमच्या जिल्ह्यातून ती जाणार हे ठरल्यासारखंच होतं. तिचे गुण माझ्याहून बरेच वर होते. मलाही जायचं होतं. पण मी ते बोलून दाखवत नव्हते.

आम्ही शेवटच्या वर्षात होतो आणि दसऱ्याच्या दिवशी आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. नार्नूर आदिलाबादेतच राहिलं. तिचं भैंसा निर्मल जिल्ह्यात गेलं. बेल्लमपल्ली मंचिर्यालात गेली. एका बाकावर बसणारी आम्ही तीन जिल्ह्यांची झालो. मी पेटून उठले. बोलणारं-चालणारं एक माणूस कोणी चार जागी कापतं का, असं पत्रक काढलं. ते माझं सगळ्यात चांगलं पत्रक होतं. कोणी वाचलं नाही. कारण दवंडी झाकण बडवून ओरडत होती, “एकाच्या चार झाल्या रे! शिबिराच्या चार जागा झाल्या!”

शिबिराची सूचना आली तेव्हा तिनं भिंतीवर लाल शाईनं लिहिलं : भैंसावाल्यांनी निर्मल लिहावे, बेल्लमपल्लीवाल्यांनी मंचिर्याल लिहावे, जुने नाव लिहिल्यास दरखास्त रद्द. मग ती कट्ट्यावर बसली आणि एकेकाचा अर्ज वाचू लागली. “ए राजा, हे काय लिहिलं? आदिलाबाद? तुहं गाव गेलं तिकडं, तू अजून इथंच!” सगळे हसत. खाडाखोड करून देत. माझाही अर्ज तिनं वाचला. माझ्या जन्मतारखेत एक आकडा चुकला होता, तोही तिनंच पकडला. सगळ्यांचं आटोपल्यावर, शिपाई कुलूप घेऊन कार्यालयाच्या दारात उभा असताना, तिनं स्वतःचा भरला.

काही दिवसांनी भौतिकशास्त्राच्या सरांनी तिला विभागात बोलावलं. मीही तिथं होते. तिचा अर्ज परत आला होता. गाव भैंसा, जिल्हा आदिलाबाद.

“अगं, साऱ्या कॉलेजाला तूच शिकवलंस ना?” सर म्हणाले.

तिनं कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि हसली. “शाळेपासून हेच लिवत आली, सर. हात आपल्यानं चालला.”

निर्मलची जागा भैंसाच्याच एका मुलाला मिळाली. त्यालाही तिनंच सांगितलं होतं. आदिलाबादची मला मिळाली. जिल्हा फुटला नसता, तर ती एकच जागा तिचीच होती. ज्या विभागणीवर मी आग ओकली, त्याच विभागणीनं माझ्या पदरात शिबिर टाकलं. पुढं मी त्यावर एकही पत्रक काढू शकले नाही.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत खण्, खण्, खण्. ती कट्ट्यावर चढली आणि माझं नाव तिन्ही भाषांत ओरडली. टाळ्या पडल्या. मी गर्दीच्या मागं उभी होते. जागा मला मिळाली होती आणि माणसं तिच्याभोवती होती.

वसतिगृहात मी तिला विचारलं, “तुले राग नाई आला?”

“आला ना. लय आला. सकायपासून काई खाल्लं नाई म्या.”

“मंग झाकण काऊन वाजवलं?”

“बातमी होती ना वो. मले आवडली नाई म्हणून दाबू का?” मग म्हणाली, “तो चुंबक नीट पाहाजो. कडंकडंनं पाहाजो. न् लिहून आनजो.”

मी पाहिला. खरंच खाली धागा नव्हता, वर धागा नव्हता. परत येऊन मी त्यावर दोन पानं लिहिली. त्यात एकही हाक नव्हती, जे दिसलं तेवढंच होतं. तिनं ती टाकीच्या भिंतीवर लावली. खाली तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात : पुढच्या वर्षी ज्यांना जायचे त्यांनी रहिवासी दाखला आताच काढावा. परीक्षेला आलेली मुलं त्या कागदापुढं दाटी करून उभी होती. माझ्या कागदापुढं पहिल्यांदाच. आणि हातावर उतरवून घेत होती ती तिची ओळ.

निकालानंतर आदिलाबादच्या बस स्टँडवर आम्ही वेगळ्या झालो. तिची भैंसाची बस आधी लागली. मी तिच्याकडे ते झाकण मागितलं, आठवण म्हणून. “हे नाई देत,” ती म्हणाली. “तुह्याजवळ भाषा हाय. माह्याजवळ हेच हाय.” आज ती एका शाळेत विज्ञान शिकवते आणि तिथंही बातम्या सांगते असं ऐकते. मी हैदराबादला राहून लिहिते. माझं लिखाण छापून येतं. तरी कुठं डब्याचं झाकण वाजलं की मी पुन्हा तशीच जळते.

म्हणून भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. संधी कळली की आज भिंतीवर लावा. काय, कोणासाठी, कोणत्या खिडकीवर आणि शेवटची तारीख. स्वतःचा अर्ज त्यानंतर भरा. आणि जिनं तुम्हाला ती बातमी सांगितली, तिच्या हातातून तिचा अर्ज मागून घ्या आणि एकदा वाचून द्या. आमच्या कट्ट्यावर सगळ्यांचे अर्ज वाचले गेले. तिचा कोणी वाचला नाही.