उघडल्याशिवाय मत नाही

पौडात आमच्या शेजारी राहणाऱ्या गुरांच्या डॉक्टरांइतका संशयी माणूस देवाने पुन्हा घडवला नसावा. त्यांचा विश्वास एकाच वस्तूवर होता, ती म्हणजे शेळ्यामेंढ्यांचा गुर्दा. आणि तोही जनावर कापल्यावर, वरचं पातळ आवरण सोलून पाहिल्यावरच. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. रविवारी सकाळी आम्ही पिशव्या घेऊन मुलाण्याच्या मटणाच्या दुकानापुढे ताटकळायचो आणि हे गृहस्थ गुर्दा उजेडात धरून उभे. पांढरे ठिपके दिसले, खडा लागला, की गुर्दा फेका. फारच बिघडलेला निघाला तर अख्खा बोकड जमिनीत पुरा. अशा रविवारी पौडभर वांगी शिजायची.

डॉक्टरांच्या घरी असले खराब गुर्दे औषधात बुडवून बरण्यांत ठेवलेले, तेही लोणच्याच्या बरण्यांशेजारी. वहिनींनी प्रेमाने दिलेलं लोणचं आमच्या घरात कुणी खाल्लं नाही. माझ्या बहिणीला स्थळ आलं तेव्हा मीच अक्कल गहाण टाकून डॉक्टरांना मुलगा बघायला नेलं. कसा वाटला विचारलं, तर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाहेरून बरा दिसतोय. पण उघडल्याशिवाय मी मत देत नाही."

आणि अशा माणसाने कासार आंबोलीच्या जत्रेत काय करावं! तिथल्या सोनाबाईचा बोकड देवाला द्यायचा, असं भावकीने ठरवलं होतं. आई मेलेलं ते पिल्लू तिनं बोंडल्यानं दूध पाजून जगवलेलं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. घरात तिच्या मागेमागे फिरणारं तेवढंच एक. भावकीपुढे बिचारीचं चालणार काय? जत्रेच्या सकाळी बोकडाच्या गळ्यात हार, मुलाणी सुरी घेऊन तयार, आम्ही जेवणाच्या आशेने हजर. सोनाबाई बोकडाच्या मानेला मिठी मारून बसली होती. डॉक्टरांना म्हणाली, "डाक्टर, तुमी तरी सांगा, ह्याला कायतरी रोग हाय म्हनून."

डॉक्टरांनी बोकडाच्या कमरेवर दोन बोटं दाबली. "गुर्दा खराब आहे. हा कुणी खायचा नाही."

मुलाण्याने आ वासला. "अवो डाक्टर, कापल्याबिगर कसं कळलं?"

"मला कळतं. सुरी ठेवा."

मुलाण्याने डॉक्टरांकडे पाहिलं, सोनाबाईकडे पाहिलं, आणि सुरी पुसून ठेवली. "डाक्टर म्हनत्यात तर लईच खराब असंल." भावकीने बोकडाच्या गळ्यातला हार उतरवला. ज्यांच्या शब्दावर इतकी वर्षं बोकड पुरले, त्यांना आता खोटं कसं पाडायचं? आम्ही डाळभात जेवून परतलो. मी वाटभर धुसफुसत होतो.

तो रोगी बोकड पुढे वर्षानुवर्षं ठणठणीत जगला. लोकांचे वालाचे वेल खाई, हटकणाऱ्याला ढुशी देई. तो समोरून आला की डॉक्टर आभाळ बघत चालायचे. अखेर बोकड म्हातारा होऊन गेला, तेव्हा मुलाणीच सांगायला आला. मी डॉक्टरांकडेच चहा पीत होतो.

"डाक्टर, सोनाबाईचा बोकड गेला. बघायचा का उघडून?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. डोळे भरून आले होते. "नको," म्हणाले, "तसाच पुरा त्याला. माझं मत देऊन झालंय."

डॉक्टर निवृत्त होऊन गावी गेले त्यालाही आता बराच काळ झाला. रविवारी मटण हल्ली झटपट मिळतं. पण खरं सांगतो, त्या दुकानापुढे पुन्हा एकदा ताटकळावं असं फार वाटतं.