बाळूचे दोन राजे

मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो, आणि ते पकडायला थेट अमेरिकेतल्या माणसाला कष्ट घ्यावे लागले. (‘एकदाच’ या शब्दाला माझ्या बायकोची हरकत आहे. असू दे.)

नव्वदच्या दशकातली देवासची गोष्ट. मी नववीत होतो. वडील कारखान्यात होते आणि त्या वर्षी बोनस बरा झाल्यामुळे त्यांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. त्यात टोपीवाला एक बुटका माणूस डावीकडून उजवीकडे पळायचा आणि समोर येईल त्यावरून उडी मारायचा. खड्डा आला, मार उडी. बेडूक आला, मार उडी. त्याचं नाव खोक्यावर जपानी लिपीत होतं, ते कुणाच्या बापाला वाचता येणार? आम्ही त्याला बाळू म्हणायचो. असे आठ किल्ले पार केले की बाळूचं शेवटी काय होतं, हे अख्ख्या कॉलनीत कुणालाही ठाऊक नव्हतं. कारण मध्ये थांबायची सोयच नव्हती. जेवायला उठलात की बाळू परत पहिल्या किल्ल्याच्या दारात.

मे महिन्यात धारहून आत्या यायची आणि बरोबर तिची मंजू, वय वर्षं आठ. मंजू खेळायची नाही. (मी तिला रिमोटला हात लावू देत नव्हतो, हे जास्त खरं.) पण माझ्या शेजारी मांडी घालून बसायची आणि बेडूक दिसला की माझ्याआधी तीच श्वास रोखायची.

त्या दुपारी आई आणि आत्या साड्या घ्यायला इंदूरला गेल्या होत्या, वडील कामावर होते आणि आजोबा घोरत होते. मी साडेतीन तास खेळत होतो. हाताला घाम, पोटात कावळे, पण सातवा किल्ला पडला आणि बाळू आठव्याच्या दारात उभा राहिला. तेवढ्यात अडाप्टर इतका तापला की त्यावर पापड भाजून निघाला असता. यावर कॉलनीमान्य उपाय एकच होता, ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून वर ठेवायचा. आमच्याकडे फ्रिज नव्हता, म्हणून मी मंजूला चौथ्या घरी जोशीकाकूंकडे पिटाळलं. तिला जायचं नव्हतं. दारापर्यंत जाऊन ती परत आली आणि म्हणाली, “दादा, मी येईपर्यंत संपवू नकोस हं.”

ती गेली आणि मिनिटभरात लाइट गेली.

काळ्या पडद्यासमोर मी किती वेळ बसलो होतो, देव जाणे. इतक्यात मंजू धापा टाकत आली. हातातला बर्फ गळत होता आणि ओठांवर पन्हं लागलेलं होतं, कारण जोशीकाकू कुठल्याही पोराला पन्हं पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत. तिने विचारलं, काय झालं? आता इथे कुठल्याही सरळ मुलाने सांगितलं असतं की लाइट गेली. मी सांगितलं, “संपवला. जिंकलो. मग लाइट गेली. तू पन्हं पीत बसलीस ना, म्हणून हुकलं तुझं.”

तिचा चेहरा इतकुसा झाला. मग तिने हळूच विचारलं की शेवटी काय होतं.

आली का पंचाईत! शेवट मी कुठून आणू? डोक्यात जे होतं तेच तोंडातून बाहेर पडलं, आणि आमच्या डोक्यात आजोबांनी रोज जेवताना काय भरलं होतं? तर देवासचे दोन राजे. एक थोरल्या पातीचे, एक धाकट्या पातीचे. एकाच गावात दोन दरबार, रस्त्याच्या अलीकडे एकाचं राज्य आणि पलीकडे दुसऱ्याचं. आमचे पणजोबा थोरल्या पातीच्या कचेरीत कारकून होते, त्यामुळे हा विषय आमच्याकडे आमटीइतकाच नेमाने वाढला जाई. तेव्हा मी मंजूला सांगितलं की आठव्या किल्ल्यात दोन सिंहासनं असतात, मध्ये रस्ता. अलीकडे एक राजा बसतो, पलीकडे दुसरा. बाळूने आधी थोरल्या राजाला मुजरा करायचा आणि मग धाकट्याला. चुकून आधी धाकट्याला केला, तर परत पहिला किल्ला.

मंजूला ते पटलं. पण खरी कमाल पुढेच. संध्याकाळी तिने ते सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनाच पटलं! देवासच्या माणसाला गावात दोन राजे असण्यात काही वावगं वाटतच नाही. एकच राजा सांगितला असता तर कदाचित शंका आली असती. आजोबा तर हरखून गेले. आपलं देवास जपानपर्यंत पोचलं म्हणायचं, असं म्हणून त्यांनी मला रुपया दिला आणि धाकट्या राजाचं सिंहासन किंचित खाली असलं पाहिजे अशी दुरुस्ती सुचवली. दुसऱ्या दिवसापासून मी ते किंचित खाली सांगू लागलो.

मंजूच्या मनाला मात्र तो हुकलेला शेवट लागून राहिला. तेव्हापासून ती कुठल्याही गोष्टीच्या मधून उठली नाही. सिनेमा बघायला गेली तर शेवटची पाटी जाऊन दिवे लागेपर्यंत खुर्चीत. कीर्तन असो की शाळेचं संमेलन, सगळ्यांत शेवटी बाहेर पडणार ती. माझ्या लग्नात मंडपवाल्याने सगळ्या खुर्च्या उचलल्या आणि शेवटी तिची मागितली. लोक हसायचे. मला त्यामागचं कारण माहीत होतं, आणि मीही सगळ्यांबरोबर हसायचो. हे लिहिताना आज लाज वाटते.

पंधरा वर्षं गेली. मी वडिलांच्याच कारखान्यात चिकटलो. मंजू धारला एका कॉलेजात कंप्यूटर शिकवायला लागली, आणि इंटरनेटवर गेम खेळणाऱ्यांचा एक कट्टा होता त्यावर तिचं मोठं नाव झालं. नवा गेम आला की देशोदेशीचे लोक आधी मंजूचं मत वाचायचे, मग विकत घ्यायचे म्हणे. अशात बाळूच्या जपानी कंपनीने ते सगळे जुने उड्यांचे गेम नव्या रंगात, नव्या आवाजात, एकाच डिस्कवर परत बाजारात आणले. धनत्रयोदशीला मंजू ती डिस्क घेऊन देवासला हजर. म्हणाली, पंधरा वर्षं थांबले, आता शेवट माझ्या डोळ्यांनी बघणार आणि दादा, तू शेजारी बसायचं.

तिने खेळूच नये म्हणून मी त्या नव्या संचाला नावं ठेवायला सुरुवात केली. रंग काय भडक केलेत, मी म्हणालो, जुन्यात आभाळ कसं खऱ्या आभाळासारखं निळं होतं. (तेव्हा आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, असं आई स्वयंपाकघरातून म्हणाली.) मग मी म्हणालो की उडी जड वाटते, बाळूचं वजन वाढलंय. (तुमचंही, असं बायको म्हणाली.) आता म्हणे कुठेही थांबून उद्या तिथूनच खेळता येतं. मग त्यात मर्दुमकी काय उरली? मी एवढा तळमळीने बोललो की मंजूने ते सगळं टिपून घेतलं आणि ‘एका जुन्या जाणत्या खेळाडूचं मत’ म्हणून कट्ट्यावर टाकलं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. जर्मनीच्या एका गृहस्थांनी तर विचारलं की हे गुरुजी पुस्तक वगैरे लिहितात का.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आणि फराळ आटोपून मंजू बसली आणि अकराच्या सुमाराला आठव्या किल्ल्याचं दार उघडलं. सगळं घर मागे उभं. बाळू आत गेला, एका काठीवर झेंडा चढला, त्याने हात हलवला आणि गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली. मंजूने शेवटच्या नावापर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, “दादा, राजे कुठे आहेत?”

मी म्हणालो, “काढून टाकले.”

आणि घराने मला साथ दिली हो! वडील म्हणाले, हल्ली सगळ्यातच काटछाट चालते, साबणाची वडीसुद्धा पूर्वीची राहिली नाही. आई म्हणाली, मला स्वच्छ आठवतंय, थोरल्या राजाची पगडी मोठी होती. (आई त्या दुपारी इंदूरला साड्या बघत होती!) धारहून मंजूच्या वडिलांचा फोन आला, त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, “आमच्या धारला राजा एकच, आम्हाला काय कळणार त्यातलं.”

मंजू पेटली. आपल्याकडून एकदा हुकलेला शेवट आता कंपनीने कायमचा पळवला, असं तिच्या मनाने घेतलं. तिने कट्ट्यावर सविस्तर लिहिलं. दोन सिंहासनं, मधला रस्ता, मुजऱ्याचा क्रम, धाकट्याचं आसन किंचित खाली. आधी लोकांनी टिंगल केली. मग ब्राझीलच्या एकाने लिहिलं की थांबा, मलाही अंधुक आठवतंय. त्यापाठोपाठ पोलंडच्या एकाला आठवलं. एकाला तर धाकटा राजा शिंकायचा हेही आठवलं! पाडव्यापर्यंत कट्ट्यावर दोन तट पडले. दोन राजेवाल्यांनी कंपनीला निषेधाचं पत्र लिहायचं ठरवलं. ते भाऊबीजेच्या संध्याकाळी जाणार होतं, आणि खाली पहिली सही मंजूची, पूर्ण नाव आणि कॉलेजच्या नावासकट.

माझी झोप उडाली. कंपनी उत्तर देणार की असं काही कधी नव्हतंच, आणि पोरीचं नाव तिच्या कट्ट्यावरही जाणार आणि कॉलेजातही. पाडव्याला मी तिला गच्चीवर नेलं आणि म्हणालो, मंजू, असं बघ. ती म्हणाली, “दादा, तू टेन्शन घेऊ नको यार. तुला कुणी खोटं म्हणालं तर मी त्याला सोडणार नाही.” यानंतर माझ्या तोंडून एवढंच निघालं की गच्चीवर गार वारा सुटलाय.

भाऊबीजेला मी पाटावर बसलो. कपाळाला कुंकू, डोक्यावर टोपी, समोर तबक घेतलेली मंजू. आतल्या खोलीत कंप्यूटर चालू होता आणि बायको तिथे बसून लोकांची उत्तरं आम्हाला मोठ्याने वाचून दाखवत होती. अमेरिकेत राहणाऱ्या कुणाचं तरी उत्तर आलं होतं. त्याने लिहिलं होतं की मी हा खेळ लहानपणी सतरा वेळा संपवला आहे, राजे कधीच नव्हते. पण एका गावात दोन राजे, मध्ये रस्ता आणि आधी थोरल्याला मुजरा, हे मला माझ्या आजीने सांगितलं होतं. आणि त्याखाली आपल्या माळव्याच्या हिंदीत एकच ओळ होती. बायकोने तीही वाचली: “भिया, ये गेम जापान में बना था कि देवास में?”

तबक अर्ध्यातच थांबलं. मी निरांजनाकडे बघत राहिलो.

“दादा,” ती म्हणाली, “लाइट आधी गेली होती का?”

“हो.”

“तू संपवलाच नव्हतास?”

“दारातच होतो गं. तू गेलीस आणि मिनिटात गेली लाइट.”

आता ही तबक माझ्या टोपीवर उपडं करणार, अशी माझी खात्री झाली. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने विचारलं, “म्हणजे मी पन्हं पीत बसले म्हणून काही हुकलं नव्हतं?”

“काहीच नाही. पळत आली असतीस तरी काळाच पडदा दिसला असता. माझं चुकलं, मंजू.”

पाटावर बसलेल्या घोड्यासारख्या माणसाला रडताना बघून आईही डोळ्यांना पदर लावायला लागली आणि म्हणाली की तरी मला वाटतच होतं, पगडी जरा जास्तच मोठी आठवतेय. मंजूने ओवाळणं पूर्ण केलं, कानशिलांवर बोटं मोडली, पाकीट घेतलं आणि तडक आत जाऊन निषेधाचं पत्र रद्द केलं. कट्ट्यावर जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं, माझ्या नावासकट. (ब्राझीलवाला अजूनही म्हणतो की त्याला राजे आठवतात.) मग तिने त्या संचावरचं आपलं शेवटचं मत टाकलं. नवा संच, दहापैकी आठ. जुना गेम, दहापैकी नऊ. दादा, दहापैकी दोन, दर राजामागे एक.

मला तेवढे पुष्कळ वाटले. पण बायको म्हणाली की राजेच खोटे निघाले, तर ते दोन कशाबद्दल?