दुसऱ्यांदा काही न करणारा मेव्हणा

आळशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मालवणच्या बाजारपेठेत औषधांचं दुकान टाकून बसलेल्या माणसाला ती पाहायला कुठे जावंही लागत नाही. दुपारच्या वेळी ती समोरच्या ओट्यांवर आपोआप पसरलेली असतात. पण आळस करता यावा म्हणून मर मर मरणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामेभाऊ निघाला. हे वाक्य पूर्वी मी कपाळाला हात लावून म्हणत असे. आता तेच वाक्य हात जोडून म्हणतो. मधे काय झालं ते सांगायला बसलो आहे.

माझ्या या मेव्हण्याचं तत्त्व असं की, माणसाने कुठलंही काम स्वतःच्या हाताने एकदाच करावं. दुसऱ्यांदा करायची वेळ आली की ते काम आपलं आपण होईल अशी व्यवस्था करून टाकावी, मग त्या व्यवस्थेपायी महिना गेला तरी चालेल. "एकदा केलंय ना? मगे परत कित्याक?" हे त्याचं लहानपणापासूनचं पालुपद. शाळेत शुद्धलेखन पाच वेळा लिहायची शिक्षा झाली तेव्हा याने पाच पेनं रबराने एकत्र बांधायचा उद्योग दोन दिवस केला, आणि त्याबद्दल वेगळा मार खाल्ला. मोठा झाल्यावर घरच्या विहिरीचा पंप रोज चालू करण्याचा त्याला कंटाळा आला, म्हणून त्याने पंपाला घड्याळ जोडलं. पण आमच्याकडच्या विजेला घड्याळ ठाऊक नव्हतं. घड्याळ म्हणे आता पाणी काढ, तेव्हा वीज नसे; वीज येई तेव्हा घड्याळाची वेळ टळलेली असे. माडांच्या झावळ्या पिवळ्या पडायला लागल्यावर त्याने घड्याळ काढून टाकलं आणि वीज येईल तेव्हा पंप चालेल अशी जोडणी केली. मग सगळं घर कुडाळला लग्नाला गेलं, आणि नेमकी त्या दिवसांत वीज एकदाही गेली नाही. परत आले तेव्हा घरापुढच्या खळ्यात भाताचा तरवा लावता येईल इतका चिखल झाला होता. मामी, म्हणजे त्याची आई, तोंडाला येईल ते बोलत होत्या आणि हा कडेला उभा राहून, विहिरीतलं पाणी संपल्यावर पंप बंद कसा करावा, याचा विचार करत होता.

लग्नाचं वय उलटायला लागल्यावर भेटेल तो नातेवाईक त्याला एकच प्रश्न विचारू लागला. आता तोच प्रश्न, तेच उत्तर, म्हणजे याच्या तत्त्वाची पायमल्लीच. त्याने चक्क कार्डं छापून घेतली. एका बाजूला स्वतःचं नाव आणि दुसऱ्या बाजूला मजकूर: "अजून नाही. ठरलं की कळवीन. तब्येत बरी आहे." पहिलं कार्ड त्याने माझ्या सासूबाईंना, म्हणजे त्याच्या आतेला दिलं. त्यांच्याजवळ तेव्हा चष्मा नव्हता. त्यांनी कार्ड डोक्याला लावून बटव्यात ठेवलं, आणि भाच्याचं लग्न ठरलं, पत्रिकासुद्धा छापून आल्या, ही बातमी संध्याकाळपर्यंत साऱ्या नातेवाइकांत पोचवली. त्यानंतरचे चार महिने तो प्रत्येकाला तोंडी उत्तर देत होता.

असा हा माणूस मुंबईतली संगणकाची नोकरी सोडून गावी आला आणि कणकवलीला एसटी डेपोच्या मागच्या बाजूला माडीवरची एक खोली घेऊन लोकांच्या वेबसाइटी सांभाळायला लागला. त्या सुमाराला आमच्या जिल्ह्यात प्रत्येकाला वेबसाइट हवी झाली होती. तारकर्लीच्या घरगुती लॉजवाल्यांना हवी, आंबेवाल्यांना हवी, वेंगुर्ल्याच्या काजूवाल्यांना हवी, मुंबईतल्या गावकरी मंडळांनाही जत्रेची तारीख सांगायला हवी. वेबसाइट म्हणजे दुकानावरची पाटी रंगवण्यासारखं काहीतरी असेल अशी माझी समजूत. ती त्याने दूर केली. साइट ज्या यंत्रावर राहते ते यंत्र अमेरिकेत, त्यातली जागा याने भाड्याने घेतलेली. गिऱ्हाईक आलं की त्या जागेत आधी प्रोग्रॅमच्या ढीगभर फायली चढवायच्या, मजकूर साठवायला वेगळं कोठार उघडायचं, कोठाराला कुलूप, कुलपाला किल्ली, ती किल्ली प्रोग्रॅमला सांगायची, मग नाव घालायचं, फोटो लावायचा. एका साइटीत अख्खी सकाळ जाई, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॉजवाल्यासाठी तेच सगळं पहिल्यापासून. आमच्या मेव्हण्याला हे किती दिवस सोसणार? त्याने खोलीचं दार लावून घेतलं. गिऱ्हाइकं येऊन बंद दार बघून परत जात होती, आणि हा आत बसून ही सगळी कामं ओळीने स्वतःच करणारी स्क्रिप्ट लिहीत होता. महिन्याने दार उघडलं तेव्हा गिऱ्हाइकाचं नाव टाइप करून एक बटण दाबायचा अवकाश, की साइट उभी.

पण लोकांना हे रुचलं नाही. वेंगुर्ल्याचे एक काजूवाले खास इस्त्रीचे कपडे घालून, दिवस मोडून आले होते. त्यांनी खुर्चीत बूड टेकलं, नाव सांगितलं, आणि त्यांची साइट झाली. ते बराच वेळ पडद्याकडे आणि मग याच्याकडे बघत राहिले. "इतक्या बेगीन? माझा काम नीट केलंस मां?" त्यांना आपण फसवले गेलो असं मनापासून वाटत होतं. त्या दिवसापासून मेव्हण्याने स्क्रिप्टलाच मधे मधे थांबायला शिकवलं. गिऱ्हाईक आलं की पडद्यावर एकेक ओळ सावकाश उमटे, तोवर खालच्या हॉटेलातून चहा आणि भजी येत, आणि भजी संपता संपता साइट तयार होई. मग सगळे समाधानाने घरी जात.

साइट उभी केली म्हणजे सुटलो, असंही नव्हतं. हे प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी परदेशात, आणि त्यांना अधूनमधून साक्षात्कार होई की आपल्या प्रोग्रॅमला कुठे भोक राहिलं आहे. मग ते नवी आवृत्ती काढत. ती वेळेवर चढवली नाही, तर त्या भोकातून चोर शिरत आणि हापूस आंब्याच्या साइटीवर अशी औषधं विकायला काढत, जी परवाना असून मीसुद्धा दुकानात ठेवत नाही. साइटी शेकड्यांनी झालेल्या. एकेकीला हाताने नवी आवृत्ती चढवत शेवटच्या साइटीपर्यंत पोचावं, तोवर पहिली पुन्हा जुनी झालेली असायची. तेव्हा सगळ्यांना एका दमात नवी आवृत्ती चढवणारी दुसरी स्क्रिप्ट आली. पण इथे आमची माणसं आडवी आली. नारळ ठेवल्याशिवाय होडी पाण्यात न लोटणारी माणसं साइटीला असा सहज हात लावू देतील होय? अमावास्येला आमच्या साइटीला हात लावायचा नाही, असं लॉजवाल्यांनी बजावलं; त्याने स्क्रिप्टमध्ये वर्षभराच्या अमावास्या घातल्या. पहिल्यांदा ती चालवायची तेव्हा देवाला गाऱ्हाणं घालायला खालच्या हॉटेलाचे म्हातारे मालक वर आले. मी त्या दिवशी तिथे होतो. "बा देवा म्हाराजा, आज ह्या पोरान गावागावच्या साइटींका हात घातलो आसा. खंय काय कमी-जास्त झाला तर सांभाळून घी रे म्हाराजा." आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणालो आणि याने बटण दाबलं. सगळ्या साइटी सुखरूप निघाल्या. मेव्हण्याने त्याचं श्रेय स्क्रिप्टला दिलं, म्हाताऱ्यांनी देवाला दिलं, आणि दोघांनी मिळून चहा घेतला.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑफिसर होते. कानाला यंत्र लावून तारा घ्यायच्या आणि टाइप करून पोचवायच्या, यात त्यांचा जन्म गेला. घरी ते फार बोलत नसत. निवृत्तीनंतर मेव्हण्याने त्यांना एक साइट उभी करून दिली, मराठी टाइप करायची युक्ती शिकवली, आणि तात्या दोन बोटांनी धडाधड आपल्या सफरी लिहायला लागले. कागद नाही, खर्डा नाही, थेट साइटीवर. मुलगा म्हणून मला जे कधी ऐकायला मिळालं नव्हतं ते मी दुकानात बसून वाचायचो. पुढे काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. लिहिणं थांबलं. तेव्हापासून माझी बायको रोज दिवेलागणीनंतर त्यांच्याच साइटीवरचं एकेक प्रकरण त्यांना वाचून दाखवी, आणि ते ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येई ते दिवसभरात दुसऱ्या कशानेही येत नसे.

एका वर्षी गणपती झाल्यावर मेव्हण्याने पुन्हा एकदा सगळ्यांना नवी आवृत्ती चढवली. संध्याकाळी बायकोने साइट उघडली आणि ती पान वर-खाली सरकवत राहिली. तात्या वाट बघत होते. शेवटी म्हणाले, "वाच गो." ती म्हणाली, "तात्यानू, अक्षरा नाय आसत. सगळी प्रश्नचिन्हा आसत." खरोखरच एकही अक्षर शिल्लक नव्हतं, ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं. नव्या आवृत्तीला कोठारातली मराठी अक्षरं ओळखता आली नव्हती. इंग्रजी साइटी धडधाकट होत्या, मराठी तेवढ्या साफ झाल्या होत्या. गावकरी मंडळांचं काय, त्यांनी जत्रेची तारीख पुन्हा टाकली, काम भागलं. तात्यांचं लिखाण मात्र दुसरीकडे कुठेच नव्हतं.

म्हणजे होतं, एका जागी होतं. नवी आवृत्ती चढवण्याआधी जुन्या मजकुराची प्रत काढून ठेवायची, हे स्क्रिप्टला त्याने शिकवलेलं होतं. पण अक्षरं बिघडलेली दिसताच हा गडबडला आणि त्याने तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली. तिने इमानेइतबारे आधी प्रत काढली, ती प्रश्नचिन्हांची, आणि नेमाप्रमाणे चांगल्या प्रतीच्या जागी ठेवून दिली. आयुष्यात त्याने एक गोष्ट दुसऱ्यांदा केली, तीही नेमकी ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, फोन न करता, कणकवलीहून कसालमार्गे मोटारसायकल मारत तो मालवणला आला. घरात आला, चप्पल काढली आणि तात्यांच्या समोर जमिनीवर बसला. त्याचं तोंड इतकं उतरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "तात्यानू, माझ्या हातसून गेला ता," तो म्हणाला. "परत आणूक जमाचा नाय."

तात्यांनी विचारलं, "माका सगळा याद आसा. लिवतलो कोण?"

"मी लिवतंय."

मला वाटलं, बोलून गेला बिचारा. पण पुढच्या शनिवारी तो आला, त्याच्या पुढच्याही आला. मराठी टाइप करण्यात तो अगदीच ढ. तात्या सांगत, हा एकेक अक्षर शोधत बसे, आणि तात्या सवयीने स्वल्पविराम, पूर्णविराम मोठ्याने सांगत. मजकूरही पहिल्यासारखा येईना. पूर्वी जे वादळ युरोपकडच्या समुद्रात झालं होतं ते आता आफ्रिकेच्या टोकाला व्हायचं, आणि पुढच्या शनिवारी आठवण पक्की झाली की परत मूळ जागी जायचं. मग हा आधीचं पुसून पुन्हा लिही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. एकदा त्याने आवाज टिपणारं यंत्र आणलं. आठवडाभर तात्यांनी त्यात बोलून ठेवावं, हा घरी बसून उतरवून घेईल, असा बेत. तात्या त्या यंत्रासमोर चिडीचूप. का बोलत नाही विचारलं तर म्हणाले, "ह्येका काय सांगू? ह्या हुं म्हणना नाय." मेव्हण्याने यंत्र पिशवीत टाकलं आणि तो हुं म्हणायला लागला. दीड वर्ष तो हुं म्हणत होता. या एवढ्या गोष्टीसाठी मी त्याच्यापुढे जन्मभर वाकायला तयार आहे.

एका शनिवारी दुकानातून आलो तर दोघांनी काम लवकर आटोपलेलं. का ते नंतर साइटीवर वाचलं. पहिल्या लिखाणात हे प्रकरण नव्हतं. भर समुद्रात तात्या मुंबईहून येणाऱ्या तारा घेत होते. तारेत आधी पत्ता येतो, तसा तो आला, आणि तो त्यांचाच होता. त्यांनी हात थांबवला नाही. पुढची अक्षरं एकेक करून घेतली: आई गेली. मिळाली, अशी पोच दिली. लगेच दुसरी तार सुरू झाली, ती जहाजावरच्या आचाऱ्याची होती, त्याला मुलगा झाल्याची. तात्यांनी ती टाइप केली, खाली जाऊन आचाऱ्याच्या हातात दिली, त्याने भरवलेली साखर खाल्ली, मग केबिनचं दार लावून घेतलं. आजी गेल्याचं मला ठाऊक होतं. ती तात्यांना कशी कळली हे मी कधी विचारलंच नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं ते हुं म्हणणाऱ्या या माणसाला. हे घालू का साइटीवर, असं त्याने विचारलं तेव्हा तात्या म्हणाले होते, "घाल. झिलान वाचूक व्हया." झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी.

तात्या गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. मेव्हण्याचा पसारा वाढला आहे. नव्या आवृत्त्या येतात, त्याची स्क्रिप्ट त्या सगळ्या साइटींवर चढवते, अक्षरं शाबूत आहेत की नाहीत हेसुद्धा आता तीच तपासते. फक्त एक साइट तो तिच्या भरवशावर सोडत नाही. ती उघडून पहिल्या प्रकरणापासून शेवटच्यापर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी वाचतो. त्यात सबंध दुपार जाते. वाचून झालं की मला दुकानात फोन करतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एवढंच सांगतो:

"भावोजीनू, तात्या बरे आसत."

समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं. मी त्याला हातानेच जरा थांब म्हणतो, आणि फोन थोडा वेळ तसाच कानाला धरून ठेवतो.