उलटा स्टिकर

मी घरगुती मालवणी मसाला ऑनलाइन विकते. पेज होतं, लोगो होता, भाचीने शिकवलेली रील्सही होती. फक्त ऑर्डरी नव्हत्या. एखाद-दुसरं पार्सल घेऊन भाईंदरच्या कुरियरवाल्याकडे जायचे, तेव्हा त्याच्या पायरीवर ती बसलेली असायची. उत्तनहून बसने येणारी मासळीवाली. बिल्डिंगी फिरायला निघण्याआधी निळी प्लास्टिकची पाटी शेजारी ठेवायची, पदराने मान पुसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलायची.

एकदा माझ्या पार्सलवरच्या स्टिकरकडे बोट दाखवून म्हणाली, "एक मला दे गो. पाटीला लावते. मासळी घेतली की मसाला लागतोच."

तिला वाचता येत नसावं, कारण नाव आणि नंबर दोन्ही उलटे लागले. मला सांगायला संकोच वाटला.

थोड्याच दिवसांत मेसेज यायला लागले. "मासळीवालीच्या पाटीवर उलटं नाव आहे, तो मसाला तुमचाच ना?"

पाटी रोज धुतली जायची, त्यामुळे स्टिकर टिकायचा नाही. दुसरा देताना मी हळूच म्हटलं, "मावशी, वरची बाजू ही."

ती खळखळून हसली. "म्हाईत हाय. पयला चुकलाच व्हता. पन बाया मान वाकडी करून वाचतात, मंग इचारतात. सरळ लावला तं कोन बघील?"

मी मसाल्याचं पाकीट पुढे केलं, तर तिने हात मागे घेतला. "आमचे घरचा हाय."

स्टिकरखेरीज तिने माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. आता तो तिच्या हातात देताना मी उलटाच धरून देते.